चिकिता प्रकरण

कोलंबियातील सशस्त्र टोळ्यांना पैसा पुरवल्याबद्दल चिकिता ब्रँड्स इंटरनॅशनल या अमेरिकी केळी कंपनीवर चाललेले खटले. ही कंपनी १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीची वारसदार. युनायटेड फ्रूटच्या संपकरी मजुरांवर १९२८ च्या डिसेंबरात सिएनागा येथे लष्कराने गोळीबार केला होता. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही.

कोलंबियाच्या वायव्येस उराबा हा केळीबागांचा मुलूख आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे चिकिता डाव्या गनिमांना पैसे देत होती. १९९७ पासून तिची बानादेक्स ही उपकंपनी ‘एयूसी’ या उजव्या निमलष्करी संघटनेला पैसे देऊ लागली. ते कोन्विविर नावाच्या परवानाधारक सुरक्षा संस्थांमार्फत जात आणि हिशेबात सुरक्षा-खर्च म्हणून नोंदले जात. केळीच्या पेटीमागे तीन सेंट असा दर होता, असे टोळीच्या एका म्होरक्याने पुढे सांगितले. बागेत खोकी भरली जात होती तेव्हा त्याच पट्ट्यात कामगारपुढारी, शेतमजूर, कार्यकर्ते मारले जात होते.

अमेरिकेने सप्टेंबर २००१ मध्ये एयूसीला दहशतवादी संघटना घोषित केले. पैसे देणे ताबडतोब थांबवा, असे कंपनीच्या वकिलांनी २००३ च्या आरंभी बजावले, तरी ते २००४ पर्यंत चालूच राहिले. १९९७ पासूनची एकूण रक्कम १७ लाख डॉलरच्या वर होती. ही खंडणी होती, कामगारांचे जीव वाचवण्यासाठी ती द्यावी लागली, हा कंपनीचा बचाव. धाक खोटा नव्हता. पण बंदी आल्यावर, वकिलांनी बजावल्यावरही बागा न विकता धंदा चालू ठेवणे हा कंपनीने स्वतः घेतलेला निर्णय होता, आणि नफाही तिलाच मिळत होता.

मार्च २००७ मध्ये चिकिताने गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. तो अमेरिकी सरकारकडे गेला. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना त्यातले काही मिळाले नाही. या कुटुंबांनी त्याच वर्षी दावे दाखल करायला सुरुवात केली. परदेशी नागरिकांना अमेरिकेत दाद मागू देणाऱ्या जुन्या कायद्याखालील दावे अपील न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळले, मात्र कोलंबियाच्या कायद्यावर आधारलेले तगले. अखेर जून २०२४ मध्ये फ्लोरिडातील ज्यूरीने आठ हत्यांसाठी कंपनीला जबाबदार धरून सुमारे ३ कोटी ८३ लाख डॉलर भरपाई ठरवली. २०२५ मध्ये कोलंबियाच्या न्यायालयाने कंपनीशी संबंधित सात माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.