कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क
कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, संक्षेपाने सीडीएन, म्हणजे संकेतस्थळावरील संचिका वाचकाला जवळच्या ठिकाणाहून पुरवणारे, निरनिराळ्या प्रदेशांत विखुरलेल्या सर्व्हरांचे जाळे होय. चित्रे, शैलीपत्रके, जावास्क्रिप्ट अशा, सर्वांना सारख्याच दिसणाऱ्या स्थिर संचिकांसाठी ते विशेष उपयुक्त ठरते.

इतिहास
मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील उपयोजित गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन व त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही या क्षेत्रातील आद्य कंपन्यांपैकी एक कंपनी स्थापन केली.

कार्यपद्धती
पहिल्या मागणीच्या वेळी संचिका मूळ सर्व्हरवरून आणून जवळच्या सर्व्हरवर साठवली जाते. पुढील मागण्या तेथूनच पुरवल्या जातात. त्यामुळे विलंब आणि मूळ सर्व्हरवरील भार दोन्ही घटतात.

उभारणी
प्रथम सीडीएन सेवेला मूळ सर्व्हरचा पत्ता दिला जातो. स्थिर संचिकांसाठी वेगळे उपडोमेन ठरवून डीएनएसमधील सीनेम नोंदीने ते सेवेशी जोडतात व त्यासाठी टीएलएस प्रमाणपत्र घेतात. साठवणीची मुदत 'कॅशे-कंट्रोल' या एचटीटीपी शीर्षकात सेकंदांत लिहितात. ३१,५३६,००० सेकंद म्हणजे ३६५ दिवस.

दक्षता
मुदत दीर्घ असल्यास संचिका बदलूनही वाचकाला जुनीच प्रत मिळत राहते. सीडीएनवरील प्रत पुसता येते. वाचकाच्या ब्राउझरमधील प्रत मात्र तशी पुसता येत नाही. म्हणून प्रत्येक बदलाबरोबर संचिकेचे नावच बदलण्याची पद्धत आहे. लॉगिननंतरची वैयक्तिक पाने सामायिक साठ्यात गेल्यास एकाची माहिती दुसऱ्याला दिसू शकते. अशा पानांसाठी 'नो-स्टोअर' ही सूचना वापरतात.