भयकथेची कसोटी

भयकथांना हलकें वाङ्मय म्हणून नाक मुरडण्याची शिष्ट मंडळींत जुनी चाल आहे. इतिहास पाहतां हा निकाल घाईचा वाटतो.

इ. स. १७६४ त हॉरेस वॉल्पोलनें ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ प्रसिद्ध केली, ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचें भाषांतर म्हणून! कर्तृत्व त्यानें दुसऱ्या आवृत्तींत कबूल केलें. म्हणजे या कादंबरीचा जन्मच संकोचांत झाला. पुढें जेन ऑस्टेननें ‘नॉर्दँगर ॲबी’त या वाचनवेडाची थट्टा केली, तिच्या नायिकेला गूढ हस्तलिखित म्हणून सांपडतात तीं धुलाईचीं बिलें! तथापि त्याच पुस्तकांत तिनें कादंबरीवाचनाचा कैवारही घेतला आहे, हें टीकाकार विसरतात.

खरा भेद ‘युडॉल्फो’ (१७९४) लिहिणाऱ्या ॲन रॅडक्लिफनेंच सांगितला. मृत्यूनंतर १८२६ मध्यें छापलेल्या निबंधांत ती म्हणते कीं, अस्पष्ट, सूचित भय मनाच्या शक्ति जागृत करतें. उघडें भेसूर दर्शन त्या गोठवून टाकतें. आपल्या रसशास्त्रानेंही भयानक आणि बीभत्स हे रस निराळेच मानले आहेत.

मेरी शेलीचें ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कसोटीस उतरतें. पुस्तक मिटल्यावर राक्षसाची भीति ओसरते. निर्मात्याच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र मनांत राहतो. म्हणून मुलांच्या हातीं असें पुस्तक दिसल्यास तें हिसकावूं नये. वाचून मागें काय उरलें, एवढेंच विचारावें.