सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालेल का? असे तपासा
सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्यापूर्वी दोघांचे जुळते का, हे पाहणे गरजेचे असते. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्ससाठी ही माहिती ‘रेड हॅट इकोसिस्टम कॅटलॉग’ या संकेतस्थळावर मिळते.

कसे तपासावे?
१. हार्डवेअर विभागात सर्व्हरचे मॉडेल पूर्ण नावाने, पिढीसह शोधा.
२. ते लिनक्सच्या कोणत्या आवृत्तीसाठी प्रमाणित आहे, ते पाहा.
३. डिस्क कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड वेगळे तपासा.

हे का करावे?
जुन्या आवृत्तीवर सर्व्हर सुरळीत चालतो, म्हणून नवी चालेलच असे नाही. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १० ला एव्हीएक्स२ सूचना समजणारा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या झिऑनमध्ये ही सोय हॅसवेल पिढीपासून आहे. त्याआधीच्या झिऑनवर ही आवृत्ती चालत नाही. आवृत्ती ८ मधून काही जुन्या डिस्क कंट्रोलरचा आधार काढण्यात आला. अशा वेळी इन्स्टॉलेशन सुरू होते, पण डिस्कच दिसत नाही.

यादीत मॉडेल नसेल, तर सिस्टीम चालणारच नाही असे नव्हे. मात्र अडचण आल्यास कंपनीची मदत मिळेल, हे गृहीत धरू नका.