चवीला गुण देणारे कोण? क्राफ्ट बिअरचा इतिहास आणि विसरलेले हात

पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या, कमावत्या तरुणांमध्ये एक नवी रीत रुळली आहे. शनिवारी संध्याकाळी दोन मित्र मायक्रोब्रुअरीत बसतात. लाकडी फळीवर चार-सहा छोटे ग्लास येतात. प्रत्येकाचा रंग उजेडात धरून पाहायचा, वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये पाचपैकी गुण द्यायचे. एक म्हणतो साडेतीन, दुसरा म्हणतो चार. मग त्यावर वाद रंगतो. आपल्या वस्त्यांतून शिकून बाहेर पडलेली मुलंही आता या टेबलांवर दिसतात.

चळवळीत यावर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणते, पंचशील मोडलं, विषय संपला. दुसरी म्हणते, खाणंपिणं ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, त्यात चळवळीने नाक खुपसू नये. आमच्या मते दोन्ही बाजू एक प्रश्न टाळतात. पेयाला गुण देण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि ते पेय करणाऱ्या हातांचं काय झालं? हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि आपल्या जिव्हाळ्याचाही आहे.

आधी हे गुण देण्याचं शास्त्र कुठून आलं ते पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत बिअरचा धंदा मूठभर मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला होता. सगळीकडे एकाच चवीची, फिकी बिअर मिळू लागली. १९७१ साली ब्रिटनमधल्या चार मित्रांनी ‘कॅमरा’ ही ग्राहकांची मोहीम सुरू केली आणि पारंपरिक पद्धतीची एल वाचवा अशी मागणी केली. १९७७ साली मायकल जॅक्सन (गायक नव्हे, इंग्रज पत्रकार) यांचं जगभरच्या बिअरची ओळख करून देणारं पुस्तक आलं. वाईनवर जाडजूड ग्रंथ लिहिले जात होते, बिअर मात्र कामगारांचं पेय म्हणून दुर्लक्षित होती. जॅक्सन यांनी तिचे प्रकार पाडले, त्यांना नावं दिली, गावं सांगितली. अमेरिकेत १९७८ साली घरी बिअर करण्यावरची केंद्रीय बंदी उठवणारा कायदा झाला. १९८५ साली परीक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. तिच्या तक्त्यात ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला ५ आणि एकूण परिणामाला १०. २०१० साली ‘अनटॅप्ड’ हे ॲप आलं आणि हे काम प्रत्येकाच्या खिशात पोचलं.

म्हणजे या रीतीचा उगम वाईट नाही. कष्टकऱ्यांच्या पेयाला प्रतिष्ठा मिळवून देणं आणि मक्तेदारीला आव्हान देणं ही तिची सुरुवात होती. आमचा आक्षेप गुण देण्याला नाही. त्या पन्नास गुणांत बिअर करणाऱ्या हातांना एकही गुण नाही, हा आमचा मुद्दा आहे. ही गोष्ट १९८५ साली सुरू झालेली नाही, तिची मुळं फार जुनी आहेत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल-कॉनर’ नावाचा गावचा अधिकारी असे. गावात कोणी एल तयार केली की ती चाखून दर्जा आणि माप ठरवणं हे त्याचं काम. तेराव्या शतकातल्या कायद्याने धान्याच्या भावावर एलचा भाव बांधून दिलेला होता. पिणाऱ्याची फसवणूक होऊ नये हा त्यामागचा हेतू. पण एल करणारं कोण होतं? इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी न्यायालयांचे जुने दप्तर तपासून दाखवून दिलं आहे की चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम प्रामुख्याने बायका करत. घरच्या चुलीवर एल शिजवायची, उरलेली शेजाऱ्यांना विकायची. चाखणारे मात्र पुरुष. दंड भरायचा बायकांनी, वही लिहायची पुरुषांनी. पुढे हॉप्स घातलेली टिकाऊ बिअर आली, भांडवल लागू लागलं, व्यापारी संघ उभे राहिले, आणि १६०० पर्यंत धंदा बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला. एल विकणारी बाई म्हणजे भेसळ करणारी, चारित्र्याने सैल अशी थट्टा मात्र गाण्या-चित्रांत उरली. कसब काढून घ्यायचं आणि बदनामी पदरात टाकायची, ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही.

अमेरिकेचं उदाहरण तर आपल्या आणखी जवळचं आहे. ‘सर्व माणसे समान आहेत’ या अर्थाचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या माँटिसेलो या मळ्यावर १८१३ पासून मोठ्या प्रमाणावर बिअर होऊ लागली. ती करणारा माणूस होता पीटर हेमिंग्ज. तो जेफरसनचा गुलाम होता. आधी तो तिथला स्वयंपाकी होता, नंतर एका इंग्रज कारागिराकडून जव भिजवून मोड आणणं, ते वाळवणं, उकळणं आणि आंबवणं शिकला. त्याच्या बुद्धीची तारीफ जेफरसनने पत्रात केली, पण त्याला मुक्त केलं नाही. जेफरसनच्या मृत्यूनंतर १८२७ साली मळ्यावरच्या माणसांचा लिलाव झाला, तेव्हा पीटरला त्याच्या एका स्वतंत्र नातलगाने एका डॉलरला विकत घेतलं. त्याच्या हाताला गुण मिळाले, माणूस म्हणून किंमत मिळाली नाही.

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९७० साली, विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी थिओडोर मॅक या काळ्या माणसाने ‘पीपल्स’ ही ब्रुअरी विकत घेतली. दोनच वर्षांत ती बंद पडली. नेमक्या त्याच वर्षी, १९७२ साली, मुंबईत ब्लॅक पँथर्सकडून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी राहिली. क्राफ्ट बिअरच्या लाटेत अमेरिकेत हजारो ब्रुअऱ्या निघाल्या, तरी तिथल्या ब्रुअर्स असोसिएशनच्याच पाहणीत काळे मालक जेमतेम एक टक्क्याच्या आसपास निघाले. गॅरेट ऑलिव्हर हे काळे ब्रुअर १९९४ पासून ब्रुकलिन ब्रुअरीचे मुख्य कारागीर आहेत. २०२० साली त्यांनी काळ्या व इतर वंचित समाजांतल्या तरुणांना हे शिक्षण घेता यावं म्हणून शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली आणि तिला त्या मायकल जॅक्सन यांचंच नाव दिलं. चाखणाऱ्याचं नाव करणाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरण्याची ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते.

आता आपल्या राज्याकडे येऊ. ताडी, सिंदी आणि मोहाची दारू म्हणजे बिअर नव्हे. ताडी-सिंदी हा झाडाचा आंबवलेला रस आणि मोहाची दारू आंबवून वर गाळलेली. पण आंबवायचा हक्क कोणाला, हा प्रश्न तिन्हींना सारखाच लागू होतो. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने इंग्रज सरकारने ताडाच्या झाडांवर कर बसवला, गावोगावच्या भट्ट्या बंद पाडल्या आणि दारूचा मक्ता धनिक ठेकेदारांना दिला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करून साठवण्यावरच बंधन आणलं. ज्या आदिवासीच्या घरात मोहफूल हे दुष्काळातलं अन्नही होतं, तो स्वतःच्या जंगलात गुन्हेगार ठरला. त्याच काळात साहेबासाठी हिमालयात बिअरचे कारखाने चालू होते. कसौलीचा कारखाना काढणारा एडवर्ड डायर हा जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यातही प्रकृतीच्या कारणावरून परमिट मिळत असे. डॉक्टरपर्यंत आणि साहेबाच्या टेबलापर्यंत ज्याची पोच, त्याला परमिट. ज्याची नाही, त्याच्या झोपडीवर धाड. गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर शिक्का मारला त्या कंजारभाटांसारख्या समाजांच्या वस्त्यांकडे १९५२ च्या विमुक्तीनंतरही हातभट्टीच्या संशयानेच पाहिलं गेलं. आणि मग २००९ च्या सुमारास पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत अडकलेले गोरे शिपाई वेडेपिसे होत, म्हणून इंग्रजीत त्याचा अर्थ वेडसर असा झाला. परवाना, भांडवल, इंग्रजी नाव आणि काचेचा ग्लास असला की आंबवणं ही कला ठरते. हे चारही नसले की तोच गुन्हा.

मराठीतही गुण देण्याची भाषा होती, हे विसरू नका. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द हातभट्टीवरचाच. भट्टीतून आधी कोणती धार येते, कडक कोणती, हे ओळखणाऱ्या माणसांकडे परीक्षकाचं ज्ञान होतं. आज तो शब्द फक्त विनोदाला उरला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांनी १९७९ साली मांडलं की अभिरुची ही निरागस नसते, ती वर्ग ओळखण्याची खूण असते. आपल्या देशात त्याला जातीची जोड द्यावी लागते. जर्मनीतल्या गोसलार गावाजवळच्या गोझ नदीवरून नाव पडलेली आंबट-खारट ‘गोझ’ आपल्या तरुणांना ठाऊक असते. झारखंडच्या आठवडी बाजारात आदिवासी बाया विकतात ती हंडिया म्हणजे भाताची बिअरच. तिचं नाव टेबलावर कोणाच्या तोंडी येतं?

आम्ही हातभट्टीचं उदात्तीकरण करत नाही. दारूने आपल्या वस्त्यांतली घरं कशी मोडली ते आम्ही रोज पाहतो. पण २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं मेली, ते आठवा. एका टेबलावर चवीच्या बारकाव्यासाठी पन्नास गुणांचा तक्ता आहे. दुसरीकडे ग्लासात मिथेनॉल आहे की नाही हे तपासणारंही कोणी नाही. श्रीमंताच्या पेयाचं परीक्षण होतं, गरिबाच्या पेयावर छापा पडतो. इंग्लंडच्या एल-कॉनरचं निदान पिणाऱ्याचं रक्षण हे काम तरी होतं.

बाबासाहेबांची भूमिका इथे नीट वाचली पाहिजे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करून आबकारीचा महसूल राखावा, असंही मांडलेलं आहे. यात विसंगती नाही. शील माणूस स्वतःहून स्वीकारतो, ते पोलिसाच्या काठीने लादायचं नसतं. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरून दक्षिण गुजरातेत पसरलेल्या देवी आंदोलनात आदिवासींनी आपणहून ताडी-दारू सोडली आणि ठेकेदारांच्या धंद्याला हादरा दिला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, म्हणूनच ते राजकारण होतं.

तेव्हा तरुण मित्रांनो, ज्याने शील घेतलं आहे त्याने ते अभिमानाने पाळावं, टेबलावर बसणाऱ्या मित्राला हिणवण्यासाठी वापरू नये. जो बसतो, त्याने साडेतीन की चार हे ठरवताना ही बिअर कोणी केली, त्याला पगार किती आणि परवाना कोणाला मिळतो, हेही विचारावं. आणि आपण सगळ्यांनी एक काम हाती घ्यावं. आपल्या वस्त्यांत, पाड्यांवर अशा आज्या अजून आहेत ज्यांनी भट्टी लावून पोरं शिकवली, धाडी सोसल्या, कोठडी पाहिली. त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या परवानगीने ते लिहून ठेवा. पीटर हेमिंग्जबद्दल आपल्याला कळतं ते त्याच्या मालकाच्या कागदांतून. आपल्या आज्यांचा इतिहास पोलिसांच्या पंचनाम्यांतून वाचायची वेळ येऊ देऊ नका.

जय भीम!