संकटकाळातील ईश्वरनिष्ठा : पंडिता रमाबाईंच्या दुष्काळानुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंडिता रमाबाई (1858-1922) यांचा विचार प्रामुख्याने स्त्रीशिक्षण, विधवांचा प्रश्न आणि धर्मांतर या तीन अंगांनी झाला आहे. या तिन्ही अंगांच्या मुळाशी असलेल्या दुष्काळाच्या अनुभवाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. रमाबाईंच्या आयुष्यात दोन मोठे दुष्काळ आले. पहिल्या दुष्काळात त्या उपाशी मुलगी होत्या, तर दुसऱ्यात उपाशी मुलींना आश्रय देणाऱ्या होत्या. या दोन अनुभवांच्या दरम्यान त्यांच्या ईश्वरनिष्ठेचे स्वरूप कसे बदलले आणि तिच्यातील काय कायम राहिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिला दुष्काळ : निष्ठा आणि निराशा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. पुढे सह्याद्रीतील गंगामूळ येथे त्यांनी आश्रम थाटला. तेथेच 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आतिथ्य आणि दानधर्म यांत संपत्ती ओसरल्यावर हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करू लागले.

1870 च्या दशकात दक्षिण भारतात पडलेल्या दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी या दिवसांचे वर्णन केले आहे. देव प्रसन्न व्हावा म्हणून उपवास, तीर्थस्नाने, ब्राह्मणभोजने हे सारे विधी कुटुंबाने केले. उरलेसुरले द्रव्यही त्यातच खर्ची पडले. मजुरी करणे जातिप्रतिष्ठेत बसत नव्हते आणि भीक मागणे स्वाभिमानाला मानवत नव्हते. अखेर रानातील पाला खाण्याची वेळ आली. अनंतशास्त्रींनी जलसमाधीचा निश्चय केला तेव्हा मुलगा श्रीनिवास याने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दर्शविली. परंतु तोपर्यंत फार उशीर झाला होता. 1874 मध्ये वडील गेले, त्यांच्या पाठोपाठ आई आणि पुढे थोरली बहीण गेली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मृत्यूच्या दारातही अनंतशास्त्रींची ईश्वरनिष्ठा ढळली नाही, आणि त्या निष्ठेविषयी रमाबाईंनी आयुष्यभर आदरानेच लिहिले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. शास्त्राने सांगितलेले सर्व काही करूनही देव धावून का आला नाही? श्रीनिवाससह हजारो मैलांची पायपीट करीत 1878 मध्ये त्या कलकत्त्यास पोहोचल्या, तोवर कर्मकांडावरील त्यांचा विश्वास उडाला होता. विद्वत्सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले, तरी हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी होती.

धर्मांतर आणि एकाकीपण

1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र एक अधिकार सोडून दुसऱ्या अधिकारापुढे त्यांनी मान तुकवली, असे म्हणता येत नाही. तेथील धर्मभगिनी आणि धर्मगुरूंशी त्यांनी मतस्वातंत्र्याच्या प्रश्नावर कडाक्याचा वाद घातला. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. 1893 मध्ये तेथे मुलींचे धर्मांतर घडविले जाते, असा आरोप होऊन न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. समाजाने दूर लोटलेली आणि चर्चलाही पुरती मानवली नाही अशी ही स्त्री या काळात जवळजवळ एकाकी होती.

दुसरा दुष्काळ : निष्ठेचे कार्यरूप

1896-97 मध्ये मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. उपाशी आणि निराधार मुलींच्या वार्ता ऐकून रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर झाला. शहरात एवढ्या मुली ठेवण्यास शासनाने मनाई केल्याने त्यांना केडगाव येथील शेतजमिनीवर तंबूंत आणि झोपड्यांत हलवावे लागले. यातूनच मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

या कार्याला निश्चित उत्पन्नाची हमी नव्हती. ते देश-विदेशातील देणग्यांवर चालले. ‘ईश्वर पुरवील’ ही रमाबाईंची श्रद्धा होती, पण तिचा अर्थ हात जोडून बसणे असा नव्हता. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि दुभती जनावरे आली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला. अंध मुलींसाठी स्वतंत्र सदन होते. देणगीदारांना कामाचा वृत्तांत जात असे. वडिलांच्या काळात जी मजुरी जातिप्रतिष्ठेला बाधक ठरली होती, तीच येथे प्रत्येकीच्या दिनक्रमाचा भाग झाली. श्रीनिवासने उशिरा उच्चारलेले वाक्य रमाबाईंनी जणू संस्थेचा पाया म्हणून स्वीकारले.

हीच निष्ठा त्यांना सत्तेपुढे उभे राहण्याचे बळ देत होती. प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या दुरवस्थेविषयी 1897 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ मध्ये उघडपणे लिहिले. त्याची चर्चा ब्रिटिश संसदेपर्यंत गेली आणि गव्हर्नरने त्यांचे म्हणणे नाकारले. शासक आणि आपण एकाच धर्माचे आहोत, म्हणून त्यांनी मौन पत्करले नाही.

एक अवघड प्रश्न

या इतिहासाचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येणार नाही. उपासमारीतून वाचलेल्या मुलींनी अन्नदात्याचा धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांची निवड कितपत स्वतंत्र होती? स्वतःच्या सद्सद्विवेकासाठी धर्मगुरूंशी भांडणाऱ्या रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. त्या मुलींच्या प्राणरक्षणाचे श्रेय निर्विवाद आहे. पण त्या श्रेयाने हा प्रश्न मिटत नाही. चरित्रकारांच्या गौरवात किंवा टीकाकारांच्या रोषात तो विरून जाऊ नये.

निष्कर्ष

आयुष्याची अखेरची सुमारे 18 वर्षे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्यात गुंतल्या होत्या. जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी आणि कार्याची वारसदार मनोरमा हिचे निधन झाले. तरीही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्णत्वास गेले होते. 1924 मध्ये ते मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

तरुणपणी रमाबाईंनी देवाला विचारले होते की, आम्ही सर्व केले, मग फळ का नाही? मनोरमेच्या मृत्यूनंतर हा जाब पुन्हा विचारण्याचे कारण त्यांच्यापाशी होते. त्या मात्र मुद्रिते तपासत राहिल्या. फळावरून देवाची परीक्षा घेणाऱ्या श्रद्धेपासून स्वतःवर कर्तव्य लादून घेणाऱ्या श्रद्धेपर्यंतचा हा प्रवास आहे. अनंतशास्त्रींची अढळता त्यांनी वारशाने घेतली, पण तिच्यातील निष्क्रियता नाकारली. म्हणूनच केवळ धर्मांतराच्या चौकटीत रमाबाईंना पाहणारा इतिहास त्यांच्या निष्ठेचा अर्धाच भाग सांगतो. उरलेला अर्धा भाग केडगावच्या विहिरी, शेती आणि छापखाना यांत शोधावा लागतो.