रहस्य, पुरावा आणि इतिहास : मराठी ऐतिहासिक कादंबरीमालांचा पुनर्विचार

प्रास्ताविक

मराठी वाचकाच्या मनातील इतिहास हा पाठ्यपुस्तकातून जेवढा घडला, त्याहून अधिक कादंबरीतून घडला आहे. हे विधान आता नवे राहिलेले नाही. तथापि ज्या कादंबऱ्यांनी हे कार्य केले, त्यांतील बहुसंख्य कादंबऱ्या एकेकट्या नव्हत्या, मालांच्या स्वरूपात आल्या होत्या आणि त्यांच्या कथानकाचा कणा रहस्य हा होता, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. भुयार, वेषांतर, जन्माचे गुपित, अनोळखी बैरागी आणि अखेरीस होणारा उलगडा या सामग्रीवर मराठी ऐतिहासिक कादंबरीची पहिली पन्नास वर्षे उभी आहेत. प्रस्तुत निबंधात या रहस्यतंत्राचा इतिहासाच्या आकलनावर काय परिणाम झाला, याचा विचार हरि नारायण आपटे व नाथमाधव यांच्या कादंबऱ्यांच्या आधारे केला आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने रहस्यकथेकडून गुपित उचलले, पुराव्याची छाननी मात्र उचलली नाही, हे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

मालांचा उगम व रहस्याची गरज

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. 'विविधज्ञानविस्तार' या मासिकातून ती प्रसिद्ध झाली. काळ शिवशाहीचा असला तरी तिच्यातील गड काल्पनिक आहे. या निवडीमागील कारण समजून घेण्यासाठी त्या काळातील साधनांची स्थिती पाहावी लागते. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला होता. अस्सल मराठी साधने पद्धतशीरपणे छापणारे 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक १८७८ मध्ये निघाले. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये आला, तर भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मध्ये झाली. म्हणजे कादंबरीकाराने लेखणी उचलली त्या वेळी कागदपत्रे अजून वाड्यांच्या माळ्यांवर आणि दप्तरांच्या रुमालांतच बांधलेली होती. पुराव्यातील ही पोकळी कल्पनेने भरणे त्याला क्रमप्राप्त होते आणि कल्पनेला सर्वात सोयीचे साधन रहस्य हेच होते.

हे साधन बहुतांशी विलायतेतून आले. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) या लोकप्रिय इंग्रज कादंबरीकाराचा एकोणिसाव्या शतकातील भारतीय वाचकांवर मोठा पगडा होता. हरिभाऊंच्या 'मधली स्थिती' (१८८५) या पहिल्या कादंबरीलाही त्याच्या एका कादंबरीचा आधार होता. पुढे गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या आधारे 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा', 'शालिवाहन शक' यांसारख्या कादंबऱ्या लिहून इतिहासाचा आभास आणि रहस्य यांचे मिश्रण वाचकप्रिय केले.

प्रकाशनाची पद्धतीही याला पोषक होती. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'उषःकाल' १८९५ ते १८९७ या काळात त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढील अंकाची वाट पाहावयास लावणारा प्रकरणाचा शेवट ही क्रमशः प्रकाशनाची निकड असते. टपाल, रेल्वे आणि छापखाना यांच्या वाढत्या जाळ्यामुळे तालुक्याच्या गावांनाही नियतकालिके मिळणे याच सुमारास सुलभ होऊ लागले होते. कुर्डुवाडी–बार्शी ही अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्येच सुरू झाली, हा कालसंबंध लक्षणीय आहे.

हरिभाऊ आपटे : गुपिताकडून इतिहासाकडे

'उषःकाल', 'सूर्योदय', 'सूर्यग्रहण' अशी सूर्याच्या रूपकाने जोडलेली नावे पाहिली तरी हरिभाऊंच्या मनात स्वराज्याच्या इतिहासाची सलग माला होती, हे ध्यानात येते. 'उषःकाल'मधील सुलतानगड काल्पनिक आहे. विजापूरकरांशी इमान राखणारा बाप रंगराव अप्पा आणि शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा मुलगा नानासाहेब यांच्यातील संघर्ष हा कादंबरीचा खरा विषय आहे. मारुतीचे देऊळ, भुयार, गुप्त खलबते ही सर्व सामग्री त्या संघर्षाभोवती रचलेली आहे. येथे रहस्याचा उपयोग सार्थ झाला आहे, असे म्हणावे लागते. स्वराज्याची उभारणी आरंभी गुप्तपणेच झाली असणार आणि वतनदार घराण्यांत निष्ठेचे असे पेच पडले असणार, हे ऐतिहासिक सत्य काल्पनिक पात्रांच्या द्वारे हरिभाऊ पोहोचवतात. पात्रे काल्पनिक असल्यामुळे वाचकाची दिशाभूलही होत नाही.

'गड आला पण सिंह गेला' (१९०३) या कादंबरीत मात्र प्रश्न उपस्थित होतो, कारण येथे पात्रे, स्थळ आणि तिथी ही तिन्ही ऐतिहासिक आहेत. ४ फेब्रुवारी १६७० रोजी झालेल्या कोंढाण्याच्या लढाईचा तुलनेने जुना वृत्तांत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली. तीत निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेल्याचे, तानाजी मालुसरे व उदेभान दोघेही झुंजीत पडल्याचे आणि सूर्याजीने गड काबीज केल्याचे वर्णन आहे. गड मिळाला पण त्याच्या बदल्यात एक गड गमावला, अशा आशयाचे उद्गार बखरकार महाराजांच्या तोंडी घालतो. यशवंती घोरपड आणि रायबाचे लग्न हे तपशील तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून लोकमानसात रुजले. हा पोवाडा अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहातून छापील स्वरूपात उपलब्ध झाला. हरिभाऊंनी त्यात कमलकुमारी या रजपूत स्त्रीच्या सुटकेचे कथासूत्र गुंफले. या कमलकुमारीचा सभासदाच्या बखरीत मागमूस नाही.

कथानकाच्या दृष्टीने कमलकुमारीची योजना चतुर आहे. गड अमुक रात्रीच का घ्यावयाचा, याला तिच्यामुळे निकड प्राप्त होते. परंतु तिच्यामुळेच एका लष्करी निर्णयाचे रूपांतर अबलेच्या सुटकेत होते. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांकडे गेलेले किल्ले परत मिळविण्याची १६७० मधील व्यापक मोहीम आणि तीत कोंढाण्याचे असलेले मोक्याचे स्थान हा खरा कार्यकारणभाव त्यामुळे मागे पडतो. नामांतराची कथा हे याचेच दुसरे उदाहरण होय. तानाजीच्या मृत्यूनंतर गडाला 'सिंहगड' हे नाव मिळाले, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि कादंबरीच्या शीर्षकाने ती दृढ केली. प्रत्यक्षात शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. तानाजीच्या पराक्रमाला यामुळे कोणताही उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो आपल्या वाचनाच्या पद्धतीला.

'वज्राघात' ही १९१५ च्या सुमारास पूर्ण झालेली कादंबरी हरिभाऊंची सर्वात प्रगल्भ ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. विजयनगरच्या विनाशाचे मूळ तीत एका जन्मरहस्यात दाखविले आहे. रणमस्तखान हा रामराजाचाच, मेहेरजानपासून झालेला पुत्र. पण तो पित्याच्या नाशाला कारण होतो. शोकात्म परिणामाच्या दृष्टीने ही रचना प्रभावी आहे. इतिहासात मात्र २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या युद्धात दख्खनी सुलतानांच्या संयुक्त फौजांनी विजयनगरचा पराभव केला आणि हुसेन निजामशहाच्या आज्ञेवरून रामरायाचा शिरच्छेद झाला. दख्खनमधील पाच-सहा दशकांचे राजकारण, रामरायाची सुलतानांना एकमेकांविरुद्ध झुंजविण्याची नीती आणि तिच्यामुळे अखेर झालेली त्यांची एकजूट या सर्वांची जागा कादंबरीत एका कुटुंबाच्या गुपिताने घेतली आहे.

नाथमाधव : स्वराज्यमालेचे यश

द्वारकानाथ माधव पितळे उर्फ नाथमाधव (१८८२–१९२८) यांनी ही परंपरा पुढे नेली. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालील शरीर निकामी झाले आणि पुढील आयुष्यात लेखन हाच त्यांचा आधार ठरला. 'वीरधवल' (१९१३) ही त्यांची अद्भुतरम्य कादंबरी अनेक पिढ्यांनी वाचली. १९२१ पासून 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशा नावांनी त्यांची स्वराज्यमाला प्रसिद्ध होत गेली. टिळकयुग संपून गांधीयुग सुरू झाले, त्या काळात 'स्वराज्य' या शब्दाला असलेला राजकीय अर्थ वाचकाला वेगळा सांगावा लागत नव्हता. वि. वा. हडप यांची 'कादंबरीमय पेशवाई' आणि पुढे गो. नी. दांडेकर यांचा पाच कादंबऱ्यांचा 'कादंबरीमय शिवकाल' ही याच मालापरंपरेची पुढील रूपे होत.

मालेचे एक वैशिष्ट्य येथे नोंदवावयास हवे. एकेकटी कादंबरी वाचक कादंबरी म्हणून वाचतो. माला मात्र घटनाक्रमाने पुढे सरकते. तिची शीर्षके इतिहासग्रंथाच्या प्रकरणांसारखी असतात. त्यामुळे तिच्या सातत्यालाच प्रामाण्य प्राप्त होते आणि कल्पित व ऐतिहासिक यांमधील सीमारेषा वाचकाच्या नकळत पुसट होते. १९६० नंतर रणजित देसाई ('स्वामी', १९६२), ना. सं. इनामदार ('झेप', १९६३) आणि शिवाजी सावंत ('छावा', १९७९) यांनी भुयारे व वेषांतरे सोडून चरित्रनायकाच्या अंतरंगाकडे लक्ष वळविले. 'श्रीमान योगी' (१९६८) या कादंबरीला जोडलेले नरहर कुरुंदकर यांचे विवेचन हे कादंबरीच्याच पुठ्ठ्यात पुराव्याची चर्चा घडवून आणणारे दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल.

दुसऱ्या प्रकारचे रहस्य

रहस्यकथेचे दुसरे अंग म्हणजे तपास. साक्षीदार कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, त्याचा हेतू कोणता, दुसऱ्या साक्षीशी त्याचा मेळ बसतो काय, हे प्रश्न गुप्तहेराचे आहेत तसेच इतिहासकाराचेही आहेत. इंग्रजीत जोसेफिन टे यांनी 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) या कादंबरीत हे साम्य प्रत्यक्षात आणले. रुग्णालयात खिळलेला पोलीस अधिकारी केवळ कागदपत्रांच्या आधारे तिसऱ्या रिचर्डवरील पुतण्यांच्या खुनाचा आरोप तपासतो. तिचा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. लेस्टर येथे २०१२ मध्ये सापडलेल्या रिचर्डच्या सांगाड्यावरून त्याचा कणा वाकलेला असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे ट्यूडरकालीन वर्णने अतिरंजित असली तरी सर्वस्वी निराधार नव्हती, हेही दिसून आले. पण वाचकाला निष्कर्षापेक्षा पद्धत शिकवणे, हे त्या कादंबरीचे श्रेय आहे.

मराठीत अशी कादंबरी प्रस्थापित झाली नाही. परंतु असा तपास मात्र प्रत्यक्षात घडला. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न हे त्याचे उत्तम उदाहरण होय. बखरींच्या आधारे वैशाख शके १५४९, म्हणजे १६२७, ही जन्मतिथी दीर्घकाळ प्रचलित होती. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये 'केसरी'तून या प्रश्नाची चर्चा केली. कारी येथील जेधे देशमुखांकडील शकावली त्यांनीच १९१६ मध्ये उजेडात आणली. तीत फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी होती. एका साक्षीवर निकाल देता येत नाही, या न्यायाने वाद चालू राहिला. पुढे जोधपूर येथील संग्रहातील जन्मपत्रिका आणि स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेले परमानंदाचे 'शिवभारत' यांनी त्याच तिथीस दुजोरा दिला. परस्परांपासून दूर असलेल्या तीन ठिकाणच्या साधनांचा हा मेळ कोणत्याही रहस्यकथेच्या शेवटाहून कमी रोमहर्षक नाही. महाराष्ट्र शासनाने ही तिथी २००१ मध्ये स्वीकारली. स्वराज्यमाला लिहिली जात होती, त्याच दशकात हा तपास पूर्णत्वास जात होता. पण कादंबरीच्या वाचकाला त्यातील थरार क्वचितच पोहोचला.

अध्यापनाच्या दृष्टीने

बार्शीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात या विषयाला आणखी एक बाजू आहे. या मालांचे भूगोलकेंद्र पुणे व मावळ परिसरातील डोंगरी किल्ले हे आहे. बालाघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या परिसरातील इतिहास त्यांत अभावानेच भेटतो. बार्शीपासून जवळच असलेला परंड्याचा भुईकोट याची साक्ष देईल. अहमदनगर १६०० मध्ये पडल्यानंतर मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून निजामशाहीचा कारभार याच परंड्याहून चालविला. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ काही काळ परंड्यास होती आणि १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. तालिकोटच्या युद्धात ती वापरली गेली, असे परंपरा सांगते. म्हणजे 'वज्राघात' वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्या युद्धाचा एक धागा आपल्या शेजारच्या तालुक्यातच सापडतो. तोफेचा लेख काय सांगतो, परंपरा काय सांगते आणि कादंबरी काय सांगते, हे तीन रकान्यांत मांडावयास त्याला सांगितले, तर साधनचिकित्सेचा पहिला धडा आपोआप होईल. सभासदाचा वृत्तांत, तुळशीदासाचा पोवाडा, हरिभाऊंची कादंबरी आणि १६६३ चे पत्र यांचे एकत्र वाचनही याच पद्धतीने करता येईल.

समारोप

वरील विवेचनातून कादंबरीकारांना दोष देण्याचा हेतू नाही. साधने अंधारात असताना त्यांनी इतिहासाविषयी आस्था निर्माण केली. त्या आस्थेवाचून राजवाड्यांच्या खंडांना वाचक मिळाले असते काय, हा प्रश्न आहेच. परंतु साधने उजेडात आल्यावरही गुपिताचीच उत्तरे प्रमाण मानणे हे वाचकाचे आणि काही अंशी अध्यापकाचे उत्तरदायित्व ठरते. विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा कमलकुमारी, घोरपड आणि नामांतर यांच्यासह येतो. त्या वाचनाचा अव्हेर केल्यास तो इतिहासापासून दुरावेल. ते जसेच्या तसे स्वीकारल्यास इतिहासाची शिस्त त्याला कळणार नाही. कादंबरीने त्याच्या मनात जागविलेल्या कुतूहलाला 'हे कशावरून?' या प्रश्नाकडे वळविणे हाच मध्यम मार्ग होय. रहस्याची गोडी लागलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.