जुन्या चौकोनी पियानोचें मोल

संस्थानी वाड्यांतील सामान विक्रीस निघतें तेव्हां त्यांत क्वचित् चौकोनी पियानोही आढळतो. असें वाद्य कोल्हापुरांतील एखाद्या इतिहाससंग्रहानें विकत घ्यावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न येथें विचारांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वाद्याचा आकार लांबट पेटीसारखा असून तारा वादकासमोर आडव्या ताणलेल्या असतात. लंडन येथील योहान्नेस झुंपे यानें १७६६ च्या सुमारास त्याचा प्रसार केला. पुढें उभ्या पियानोनें त्यास मागें सारलें. आरंभींचीं वाद्यें सुमारें पांच सप्तकांचीं व लांकडी सांगाड्याचीं असत. मागाहून सप्तकें वाढलीं व लोखंड आलें. पाटीवरील अक्षरेंही कालनिर्णयास उपयोगी पडतात. ‘ब्रॉडवुड अँड सन’ ही मुद्रा १७९५ नंतरची, तर ‘अँड सन्स’ ही १८०८ च्या सुमारापासूनची होय. तथापि पाटी बदलतां येते. सबब आंतील अनुक्रमांक न पाहतां केलेला निर्णय बरोबर निघाला तरी तो घुणाक्षरन्यायानेंच.

वाजविण्यासाठीं तें घेणें बहुधा व्यर्थ होय. तारांच्या ओढीनें लांकूड पिळतें. त्यांत येथील पावसाळ्याची ओल व उन्हाळ्याची कोरड यांनीं सरसाचे सांधे सुटतात, नादफलक तडकतो. मिरजेस तंबोऱ्याचे उत्तम कारागीर आहेत, परंतु या यंत्राची विद्या निराळी.

मग मोल कशाचें? ब्रह्मपुरीच्या टेकाडांत सांपडलेली पोसायडनची कांस्यमूर्ति घडली परदेशीं. परंतु ती येथील जमिनींतून निघाली, म्हणूनच रोमन जगाशीं असलेल्या संबंधाची साक्ष देते. तीच बाजारांत मिळती तर केवळ कलावस्तु ठरती. पियानोचेंही तसेंच. खरेदीची पावती, दफ्तरांतील नोंद, पत्र वा जुनें छायाचित्र यांपैकीं कांहींच सोबत नसेल तर तें निव्वळ विलायती सामान. तंजावरच्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) पाश्चात्य संगीताच्या अभिरुचीविषयीं आज प्रमाणपूर्वक बोलतां येतें, तें सरस्वतीमहालांत स्वरलिपींचे कागद राहिले म्हणून.

आणखी एक अडचण कायद्याची. स्वरपट्ट्यांवर पुष्कळदां हस्तिदंत असतो, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या यांनीं हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध केला आहे. केवळ जुनेपणानें सूट मिळेल असें धरून चालूं नये. वनखात्याचा लेखी अभिप्राय मिळाल्यावांचून व्यवहार करूं नये.

तात्पर्य, कागद नसल्यास वाद्य सोडावें. कागद असल्यास सौद्यापूर्वींच त्यांच्या नकला घ्याव्या, वाद्याचीं मापें व छायाचित्रें घ्यावीं. वाद्य परक्या हातीं गेलें तरी त्याचा इतिहास येथें राहील.